सातव्या महिन्यातला दिवाणजी : एक प्रकरण अभ्यास

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात काम करणारा ३३ वर्षांचा एक दिवाणजी बायकोबरोबर माझ्या मानसोपचाराच्या ओपीडीत आला, तेव्हा त्याच्यावर आठ महिन्यांपासून चिंतेच्या आजाराचे उपचार चालू होते. एसिटालोप्रॅमची गोळी तो रोज न चुकता घेत होता. न चुकता, कारण बायको ती हातावर ठेवायची. धडधड थांबली होती, झोप लागत होती, जेवण सुधारलं होतं. आणि नेमक्या ह्याच आठ महिन्यांत दुकानातल्या त्याच्या चुका वाढत गेल्या होत्या. बायकोनं सगळं एका वाक्यात सांगितलं, “हे शांत झालेत, पण काम पार बिघडलंय.”

(ओळख पटू नये इतपत घरचे आणि दुकानाचे तपशील बदलले आहेत.)

आधीच्या डॉक्टरांचं निदान चुकीचं नव्हतं. चिंता होतीच, आणि औषधानं ती कमीही झाली होती. प्रश्न असा होता की चिंता कमी झाल्यावर माणूस बरा व्हायच्या ऐवजी उघडा का पडला.

दुकानात काय झालं

हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी करून द्यायची असते. पोती किती, वजन किती, दर काय, त्यातून हमाली-तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. फेब्रुवारीत नवी हळद यायला लागली की पुढचे दोन-तीन महिने दिवाणजीला मान वर करायला फुरसत नसते. बाहेर हमालांचा ओरडा, शेठ फोनवर, आणि टेबलाला टेकून दोघं-तिघं शेतकरी, “माझं बघा की आधी, गाडी चुकतीया.” अशाच एका दुपारी ह्यानं १६,३०० चा दर १३,६०० लिहिला. माल वीस क्विंटल. शेतकऱ्याला ५४,००० रुपये कमी गेले. दुसऱ्या दिवशी तो चार माणसं घेऊन दुकानात आला आणि भर बाजारात फसवणुकीचा आरोप झाला. शेठनी पैसे भरून दिले, वर हात जोडले. त्या दिवसापासून ह्याच्या प्रत्येक पट्टीवर दुसऱ्याची सही लागू लागली.

अंकांची अदलाबदल नवी नव्हती. नवी गोष्ट ही की ती आता कुणी पकडत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दुकानात एक म्हातारे दिवाणजी होते. त्यांची नजर प्रत्येक पट्टीवरून फिरायची. काही बोलायचे नाहीत, चुकलेल्या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून कागद परत सरकवायचे. ते कामावरून सुटले आणि जबाबदारी ह्याच्यावर आली. त्याच सुमारास आई थोरल्या बहिणीकडे कऱ्हाडला राहायला गेली. ही आई सकाळी “डबा घेतलास? किल्ली? चष्मा?” इथपासून रात्री “लाइटबिल भरलंस का?” इथपर्यंत मुलाचा दिवस आजवर चालवत आली होती. घरात सगळे ह्याला माया म्हणत, आणि ती माया होतीच.

ते दोघे गेल्यावर त्यांची जागा काळजीनं घेतली. रात्री साडेदहाला गाडी काढून हा परत दुकानात जायचा, कुलूप उघडून दिवसभराच्या पट्ट्या पुन्हा ताडायचा. मग अंथरुणात आकडे आठवत पडून राहायचा. सहा-सात महिन्यांत छातीत धडधड, हाताला घाम, पोट बिघडणं सुरू झालं आणि उपचार घेतले गेले. गोळीनं रात्रीचं दुकान सुटलं. आता पेन्सिलीची रेघ नाही, आई नाही आणि काळजीही नाही. लक्षाला आधार देणारा शेवटचा टेकूच निघाला.

“तपासल्यावर चूक सापडते का?”

पुन्हापुन्हा तपासणारा माणूस समोर आला की पहिला विचार ओसीडीचा, म्हणजे न फिटणाऱ्या शंकेपायी तीच कृती परत परत करायला लावणाऱ्या आजाराचा येतो, आणि यायलाच हवा. मी त्याला विचारलं, “तुम्ही तीन-तीनदा तपासत होता, तेव्हा चूक सापडायची का?”

तो हसला. “सापडायची की. तीनदा बघितलं की एकदा तरी हमखास. म्हणून तर बघत होतो.”

ओसीडीतला माणूस गॅसचं बटण दहादा बघतो आणि दहाही वेळा ते बंदच असतं. शंका फिटत नाही म्हणून तो बघतो. ह्याचं तपासणं अनुभवातून आलेलं होतं. निदान तिथे वळलं.

आणखी एक शक्यता डोक्यात होती. एसिटालोप्रॅमच्या गटातल्या औषधांनी काही जणांना सगळ्याचाच कंटाळा येतो, कशाचं काही वाटेनासं होतं. तसं असेल तर डोस कमी करणं हाच उपाय. पण हा माणूस ५४,००० चा विषय निघाला की रडत होता, क्रिकेटच्या मॅचला रात्री जागत होता, भाचीच्या वाढदिवसाला स्वतःहून कऱ्हाडला जाऊन आला होता. त्याला सगळं वाटत होतं. शिवाय बायकोनं सांगितलेली यादी गोळीच्या आधीची होती: गॅसवर दूध ठेवून गच्चीवर जाणं, गाडीची किल्ली गाडीलाच, एकाच महिन्यात तीनदा हरवलेलं एटीएम कार्ड, आणि बोलता बोलता मध्येच डोळे दुसरीकडे. “सांगितलेलं दूध आणायचं ह्यांना आठवत नाही. पण कुणी काय टाकून बोललं, ते वर्षभर आठवतं.”

प्रौढांमध्ये एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं निदान करताना त्या वेळच्या तक्रारी पुरत नाहीत. डीएसएम-५ ह्या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेनुसार १७ वर्षांपुढच्या माणसात लक्ष न लागण्याची किंवा अतिचंचलतेची किमान पाच लक्षणं हवीत, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीची हवीत, आणि त्रास एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हवा. आधीची म्हणजे किती आधीची, हे विचारता विचारता मी जन्मापर्यंत गेलो. मानसोपचाराच्या ओपीडीत तिशीतल्या माणसाला त्याच्या जन्माबद्दल सहसा कुणी विचारत नाही. बालरोगतज्ज्ञ विचारतात, आणि मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की ती माहिती कपाटात जाते. माझ्या मते हा प्रश्न ‘घराण्यात मधुमेह आहे का’ ह्या प्रश्नाइतका नेहमीचा व्हायला हवा.

“सातव्या महिन्यातला आहे म्हणतात,” तो म्हणाला. बायकोनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आईची पिशवी

पुढच्या वेळी आई आली. रेशन कार्ड, जमिनीचे उतारे आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मिरजेच्या रुग्णालयाचं पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड. १९९२ चा फेब्रुवारी. गर्भावस्था ३० आठवडे, वजन १,१८० ग्रॅम, श्वासाचा त्रास, ऑक्सिजन, कावीळ, नळीनं दूध. डोक्याच्या सोनोग्राफीची नोंद कुठेच नव्हती.

“चाळीस दिवस काचंत होता, डॉक्टर. सासूबाई म्हणायच्या, सातव्याचा हाय, जगंल. आठव्याचा असता तर न्हाई.”

ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि ती उलटी आहे. आईच्या पोटात जितका वेळ जास्त, तितकी बाळ जगण्याची आणि धड वाढण्याची शक्यता जास्त. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सरस असतं. पण ह्या समजुतीनं ह्या घरात एक वेगळंच काम केलं होतं. सातव्याचा जगला म्हणजे विषय संपला, पुढे काही बघायचं उरलं नाही. तो नाजूक, एवढंच ठरलं. नाजूक म्हणून मैदानावर पाठवायचा नाही, नाजूक म्हणून शाळेत मार द्यायचा नाही असं गुरुजींना सांगून ठेवायचं. प्राथमिक शाळेचं प्रगतिपुस्तकही पिशवीत होतं. तिसरीला शेरा होता, “शांत व आज्ञाधारक. लक्ष नसते.” पाचवीला, “गणितात कच्चा. काम अपुरे ठेवतो.”

वर्गात धावणारा, खोड्या काढणारा मुलगा शिक्षकांच्या डोळ्यावर येतो. हा खिडकीतून बाहेर बघत बसायचा, कुणाला त्रास नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलांमध्ये एडीएचडी बऱ्याचदा असाच असतो: चंचलता कमी, लक्ष न लागणं जास्त, दांडगाई फार नाही, आणि बरोबर भिडस्तपणा व काळजीखोरपणा. लक्ष, चिंता आणि माणसांत मिसळण्याची अडचण ही तिन्ही एकत्र येण्याचा हा साचा संशोधकांनी वेगळा ओळखलेला आहे. मुलगे आणि मुली यांच्यातला नेहमीचा फरकही इथे कमी दिसतो.

कार्डावर आणखी एक ओळ होती, आईचा रक्तदाब वाढल्यामुळे बाळंतपण लवकर करावं लागलं अशी. मी ती वाचून दाखवली तेव्हा आईनं विचारलं, “म्हंजे पाटीनं न्हाई?” सातव्या महिन्यात ती हळद काढायला रानात जात होती, कंदांची पाटी डोक्यावर घेत होती. पाटी उचलली म्हणून पोर आधी झालं, असं तिनं तेहेतीस वर्षं धरून ठेवलं होतं. डबा, किल्ली, चष्मा ह्या सगळ्याच्या मुळाशी ते होतं. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब हे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं एक मोठं आणि सर्वमान्य कारण आहे. तो पाटीनं येत नाही. मी हे तिला दोनदा सांगितलं. पटलं की नाही, तिलाच माहीत.

दिवस अपुरे असले की नेमकं काय होतं

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. ३२ च्या आतलं असेल तर धोका बराच जास्त. २०२० मध्ये भारतात अशी अंदाजे ३० लाख बाळं जन्मली, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. नव्वदीच्या दशकात वाचलेली अशी मुलं आज तिशीत आहेत, नोकऱ्या करताहेत, हप्ते फेडताहेत.

साधारण २४ ते ३२ आठवड्यांच्या काळात मेंदूतल्या तंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी तयार होत असतात आणि ऑक्सिजनची कमतरता किंवा जंतुसंसर्ग त्यांना सोसत नाही. त्यामुळे मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप जाण्याचा वेग आणि भरवसा कमी राहू शकतो. बुद्धी शाबूत, पण एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरून ठेवता येतात आणि किती झपाट्यानं काम उरकतं, ह्यात खोट. आमच्या चाचण्यांत ह्याचं हेच चित्र निघालं. शब्दांचं आकलन वयाप्रमाणे, काही बाबतीत वरचं. कामाचा वेग आणि तात्पुरती स्मृती मात्र ठळकपणे खाली. गणित कच्चं असण्याचा धागाही इथलाच. शांत खोलीत तो पट्टी बिनचूक करतो. तीन शेतकरी टेबलाला टेकले की अंक जागा बदलतात.

आकड्यांत सांगायचं तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात ३२ आठवड्यांच्या आत किंवा दीड किलोच्या आत जन्मलेल्यांना एडीएचडी असण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली, आणि दिवस जितके कमी तितकी ती वाढत गेली. स्वीडनमध्ये १९७३ ते १९८५ ह्या काळात जन्मलेल्या तेरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांना नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता जवळपास तिप्पट, आणि बायपोलर आजारासाठी सातपटीहून जास्त होती. म्हणून ह्या माणसाला मी झोप न लागता उत्साह वाढण्याचे दिवस, उधळपट्टी, बडबड ह्याबद्दल खोदून विचारलं. तसं काही नव्हतं. हे पट वाचून कुणी घाबरू नये. मुळात दाखल होण्याची वेळच फार थोड्यांवर येते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बहुतेकांना असा कुठलाही आजार होत नाही.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये १९७७ ते १९८२ दरम्यान एक किलोच्या आत जन्मलेल्या मुलांचा तिशीपर्यंत पाठपुरावा झाला आहे. त्यांच्यात चिंता, नैराश्य, लक्षाचे प्रश्न इतरांपेक्षा जास्त होते. दारू आणि नशा मात्र कमी. सावध, जपून वागणारी माणसं. आमचा दिवाणजी यार्डात इतकी वर्षं काढून तंबाखूलाही शिवलेला नाही. एडीएचडी म्हटलं की बेफिकीर, धोका पत्करणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या डॉक्टरला हा दिसणारच नाही.

सगळं जन्मावर ढकलायचं का? एडीएचडी घराण्यातून उतरतो, फार मोठ्या प्रमाणात उतरतो. ह्याचा एक काका आयुष्यात एकही धंदा तीन वर्षांवर टिकवू शकला नाही, हे आईनंच सांगितलं. पण स्वीडनमध्ये सख्ख्या भावंडांची तुलना केली, एक पुरत्या दिवसांचं आणि एक अपुऱ्या, तेव्हाही अपुऱ्या दिवसांच्या भावंडाचा धोका जास्तच राहिला. म्हणजे घर तेच असूनही जन्माचा वाटा वेगळा उरतो. ह्या माणसात दोन्ही असावेत, आणि कुठला किती हे वेगळं काढायची उपचाराला गरज नव्हती.

उपचारांचा क्रम

पहिल्याच भेटीत त्याला सरळ विचारलं होतं, जगणं नकोसं वाटतं का. “मी नसतो तर शेठचं नुकसान झालं नसतं, असं येतं मनात,” तो म्हणाला. काही ठरवलेलं नव्हतं, साधन जमवलेलं नव्हतं. तरी कीटकनाशकाचे डबे घरातून शेतातल्या खोलीत कुलपात गेले, बायकोशी ह्यावर मोकळं बोलणं झालं आणि टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक दोघांच्या मोबाइलमध्ये सेव्ह झाला. आपल्या भागात हा डब्यांचा मुद्दा कुठल्याही गोळीच्या आधी यावा.

एसिटालोप्रॅम बंद केली नाही. ती बंद करावी अशी बायकोची इच्छा होती. ‘काळजी परत आली तर काम तरी नीट होईल’ हा तिचा हिशेब मला कळत होता. पण धडधडीच्या आणि रात्रीच्या जागरणाच्या किमतीत बिनचूक पट्टी विकत घेणं हा उपचार नव्हे. काळजी जे काम करत होती ते दुसऱ्या कशानं तरी करायला हवं होतं.

आधी डोळे तपासले. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत दृष्टीचे दोष जास्त असतात. ह्याचा चष्म्याचा नंबर वाढला होता आणि चष्मा चार वर्षं जुना. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ ठीक निघाले. मग दुकान. शेठ स्वतः भेटायला आले, आणि इथे नशीब चांगलं म्हणायचं. त्यांना निदानाचं नाव सांगायला रुग्णाची परवानगी घेतली होती. दुसऱ्याची सही हा प्रकार अपमानाचा होता, तो बदलला. आता एकजण आकडा मोठ्यानं वाचतो, दुसरा लिहितो, आणि सगळ्याच दिवाणजींच्या पट्ट्या तशाच होतात. ओळीखाली लोखंडी फूटपट्टी ठेवून लिहायचं. सौदा संपल्यावर टेबल भिंतीकडे वळवायचं, शेतकऱ्यांनी बाकावर बसायचं. तीनदा चाळण्याऐवजी एकदाच, पण ठरलेल्या क्रमानं तपासायचं: वजन, दर, गुणाकार, वजावट. घरी मानसशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी वर्तनोपचाराच्या पद्धतीनं वेळ आणि कामांची विभागणी शिकवली; वही नाही चालली, मोबाइलचा अलार्म चालला.

औषधाकडे मी जरा उशिरा आलो, कारण रक्तदाब. पहिल्या दिवशी १३८/८८ होता, घरी आठवडाभर मोजून सरासरी १३४/८६. अपुऱ्या दिवसांच्या प्रौढांचा वरचा आकडा इतरांपेक्षा सरासरीनं तीन-चार अंकांनी जास्त असतो. मूत्रपिंडाची वाढ अपुरी राहणं हे त्याचं एक कारण मानलं जातं. मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन ही दोन्ही एडीएचडीची औषधं रक्तदाब आणि नाडी थोडी वाढवतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसात भेटतात, आणि जन्माचा इतिहास नसेल तर त्या एकत्र जोडल्या जात नाहीत. फिजिशियनना पत्र दिलं, ईसीजी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची तपासणी झाली, लोणचं-पापड कमी आणि संध्याकाळी कृष्णाकाठानं चालणं सुरू झालं. आकडे खाली आल्यावर मिथाइलफेनिडेट अगदी कमी मात्रेत सुरू केलं. ॲटोमॉक्सेटिनचाही विचार झाला होता. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि हंगाम तोंडावर होता. मिथाइलफेनिडेट एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालचं औषध असल्यानं सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ते मिळवायची धावपळ बायकोवर येऊ नये म्हणून दुकान आधीच ठरवून ठेवलं.

सध्या

हंगामाच्या मध्यावर शेठचा निरोप आला, पट्ट्या ठीक आहेत. चुका होतात, पण वाचणाऱ्याच्या तोंडीच पकडल्या जातात. चिंता परतलेली नाही. मन सावरलंय. स्वतःबद्दल तो अजून ‘मी अर्धवट’ असा शब्द वापरतो, आणि ते वर्षा-दोन वर्षांचं काम आहे.

बायकोनं सासूला माफ केलेलं नाही. “सांगितलं असतं तरी मी लग्न केलंच असतं. पण सांगायचं होतं,” एवढंच ती म्हणते. तिचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता: आपलं मूल? बाप अपुऱ्या दिवसांचा म्हणून मूल लवकर जन्मतं असं दिसत नाही. हा कल मुख्यतः आईच्या बाजूनं चालतो. एडीएचडी मात्र वारशानं येऊ शकतो, हेही लपवलं नाही. ते दोघं सध्या विचार करताहेत.

बायकोची खरी तक्रार संध्याकाळची आहे. गोळीचा असर दुपारनंतर ओसरतो आणि घरी येतो तो जुनाच माणूस: दूध उतू, किल्ली गाडीला. शेठना बिनचूक दिवाणजी मिळाला आणि मला काय, असं ती हसत म्हणाली, पण विनोद नव्हता तो. जास्त वेळ टिकणारी गोळी देता येईल; रक्तदाब आणि झोप दोन्ही बघून. पुढच्या महिन्यातले घरचे आकडे १३० च्या खाली राहिले तर बदल करायचा, असं तिघांच्या संमतीनं ठरलं आहे.